नवव्या खांबावरचा कर्णा

तरणतलावाच्या आवारात चौदा कर्णे होते आणि चौदाही कर्णेमामांच्या जिवावर बोलत. मामांचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, पण ते तिथेच राहिलं. व्यवस्थापक बाईंपासून तिकीटखिडकीपर्यंत सगळे त्यांना कर्णेमामाच म्हणत.

तलाव सार्वजनिक आणि उघड्यावरचा. कर्ण्यांना बाराही महिने ऊन, पाऊस, वारा आणि वर पाण्यातल्या औषधाची वाफ. "माणसाला छत्री असते, कर्ण्याला मी असतो," असं मामा म्हणत आणि त्यात फारशी बढाई नव्हती. कर्ण्याचं तोंड बोटभर खाली झुकलेलं हवं, नाहीतर पाऊस थेट घशात. वायर आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या टोकाला येऊन टपकतं, आत जात नाही. उन्हानं रबराचं बिस्कीट होतं, म्हणून दर सहा महिन्यांनी वॉशर बदलायचे. आणि गांधीलमाश्या! कर्ण्याचा गळा म्हणजे त्यांना आयता बंगला. "बाई, अकराव्या खांबावर भाडेकरू आलेत," असं कळवून मामा शिडी खांद्यावर घेत.

चौदा कर्ण्यांना असं बोलतं ठेवणारा हा माणूस घरी मात्र एका जिवाला धड बोलू देत नसे. दुष्टपणानं नव्हे, मायेनं.

त्यांची मुलगी तेवीस वर्षांची. घरात तिला चिमणी म्हणत. डोक्यानं तल्लख, पण बोलताना अडखळे. 'प' आणि 'क' तर तिच्या हात धुऊन मागे लागलेले. "प... प..." झालं की मामांचा जीव वरखाली होई आणि ते पुढचा शब्द तिच्या तोंडात ठेवून मोकळे होत. पुष्कळदा तो बरोबर निघे. चुकला तरी चिमणी मान डोलावे, कारण भांडायला पुन्हा बोलावंच लागणार. एकदा तिला "पडदा ओढा" म्हणायचं होतं. मामांनी पाण्याचा पेला पुढे केला. ती तहान नसताना तो मुकाट्यानं प्यायली.

सोमवारी तलाव साफसफाईसाठी बंद असे. त्या दिवशी मामा शिडीवर आणि चिमणी प्रेक्षकांच्या पायऱ्यांवरच्या निवेदकाच्या खोलीत, असा कारभार चाले. कर्णा तपासायला कोणीतरी माईकवर बोलत राहावं लागतं. चिमणी खिडकीतून दिसणारी नियमांची पाटी वाचे. "पाण्यात उतरण्यापूर्वी पाय धुवावेत. पळू नये. पोहता न येणाऱ्यांनी पुढे जाऊ नये." सगळी पाटी 'प'नं भरलेली, आणि पोरगी कुठे अडत नसे. मामा खांबावरून ऐकत आणि मनाशी म्हणत, आवारात चिटपाखरू नाही, म्हणून जमतंय बिचारीला.

त्या वर्षी निवेदक अण्णा निवृत्त झाले. अण्णांचं आणि मामांचं अठरा वर्षांचं एकच भांडण होतं: नववा खांब. तो तलावाच्या पलीकडे, अण्णांच्या खिडकीच्या बरोबर समोर. त्याच्यावरचा कर्णा पायऱ्यांकडे तोंड करून असल्यामुळे अण्णा इकडे बोलले की त्यांचेच शब्द क्षणभरानं पाण्यावरून परत येत आणि त्यांची जीभ अडखळे. "मामा, तुमचा तो नववा मला माझ्याच शेपटीवर पाय द्यायला लावतो हो," असं म्हणून ते कानांत कापूस घालून बसत. मामा म्हणत, "तो वळवला तर पायऱ्यांवर ऐकू कसं जाणार? आणि कापूस तुम्हाला शोभून दिसतो."

एका सोमवारी अण्णा आपला राहिलेला चहाचा पेला न्यायला आले आणि आवारभर घुमणारी पाटी ऐकून फाटकातच थबकले. तसेच ते बाईंच्या खोलीत गेले. बाईंनी चिमणीला बोलावलं.

"शनिवारी मुलांच्या शर्यती आहेत. चारशे माणसं येतील. त्या दिवशी तू बोल. निभावलंस तर अण्णांची जागा तुझी."

चिमणीनं आजवर चार ठिकाणी अर्ज केले होते. चारही ठिकाणी कागद पसंत पडला होता आणि समोर बसून तोंड उघडल्यावर सगळं फिसकटलं होतं. बोलण्याचीच नोकरी कोणी आपणहून देईल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. घरी येऊन तिनं आईला उचलायचा प्रयत्न केला.

"अगं, सोड! कंबर आहे ती, कळशी नव्हे!" आई ओरडली.

मामांना मात्र धास्तीच वाटली. मुरलेल्या अण्णांना नवव्यानं अठरा वर्षं रडवलं, तिथे या पोरीचा काय निभाव लागणार? आणि पोरगी चारशे माणसांसमोर अडली, तर ती पुन्हा कुठे तोंड उघडेल का?

बुधवारी ते बाईंची परवानगी घेऊन कामाला लागले. पायऱ्यांवरच्या छपराखाली त्यांनी चार छोटे डबा-स्पीकर बसवले, नवव्या कर्ण्याचं तोंड झाडांकडे फिरवलं आणि खोलीच्या खिडकीला रबरी पट्टी लावून फट बुजवली. स्वतः आत बसून बोलून पाहिलं. मागून चकार शब्द येत नव्हता. बाई खूश झाल्या. "मामा, अठरा वर्षांनी का होईना, अण्णांचा कापूस निघाला!" चिमणीला मामांनी काही सांगितलं नाही. कामाचा गाजावाजा करायची त्यांना सवय नव्हती.

शुक्रवारी दुपारी रंगीत तालीम. पायऱ्यांवर बाई, पोहण्याचे शिक्षक आणि पंधरावीस मुलं. मामा खाली उभे.

"लक्ष द्या, मंडळी," चिमणीचा आवाज आला. "आता प... प... प..."

मग खरखर नाही, काही नाही, नुसती शांतता. पुन्हा "प... प..." नवे स्पीकर इतके स्वच्छ बोलत होते की पोरीची प्रत्येक धडपड शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचत होती. दोन मुलं एकमेकांना कोपर मारून हसली. शिक्षकांनी डोळे वटारले. "पहिली शर्यत" हे दोन शब्द बाहेर पडायला एवढा वेळ लागला की मामांनी खांबाकडे तोंड फिरवलं.

"उद्या बघू," बाई म्हणाल्या. त्यांचा सूर काही चांगला नव्हता.

घरी आल्यावर चिमणी चपला न काढताच खुर्चीत बसली. आईनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"अहो, काय केलंत तुम्ही तिथे?"

"मी? मी तर सगळं तिच्या सोयीचं केलं! मागून येणारा तो आवाज..."

चिमणीनं झटकन मान वर केली. "तो आवाज क... क..."

"कर्ण्याचा," मामा म्हणाले. "हो, तोच. बंद करून टाकला मी."

"बोलू द्या हो तिला!" आई कडाडली. "तेवीस वर्षं झाली, तिचे शब्द तुम्हीच बोलताय. तिच्या वाट्याला काही ठेवा की!"

मामा चपापले. बायको एवढ्या चढ्या आवाजात क्वचितच बोले. चिमणीनं श्वास घेतला.

"क... कुठे गेला, असं विचारत होते मी." मग ती हळूहळू बोलत राहिली, मध्ये अडत, मध्ये थांबत, आणि कोणी मध्ये पडलं नाही. तो आवाज मागून आला की तिला एकटं वाटत नसे. दुसरं कोणीतरी सोबत वाचतंय, घाई करत नाहीये, असं वाटे. "शाळेत सगळा वर्ग मिळून कविता म्हणायचा, तेव्हा मी क... कधी अडायचे का? आठवा."

मामांना आठवेना, कारण हे त्यांना कधी कळलंच नव्हतं. ते कागद घेऊन बसले. नववा खांब ते खिडकी, अठ्ठावन्न मीटर. तेवढं अंतर कापायला आवाजाला सेकंदाचा सहावा भाग लागतो. अण्णांना जो सहावा भाग पायात पाय घालून पाडत होता, तोच चिमणीला हात धरून चालवत होता! यंत्रांत उभा जन्म गेला, पण हे गणित त्यांनी एकदाही मांडलं नव्हतं. आणि ज्यानं पोरीचा हात धरला होता, त्याचं तोंड त्यांनी स्वतःच्या पान्यानं झाडांकडे फिरवलं होतं.

"उद्या उजाडताच वळवतो," ते म्हणाले. "कुणाला पत्तासुद्धा लागणार नाही."

"नाही," चिमणी म्हणाली. "बाईंना मी सांगणार."

"अगं, कशाला? त्यांना वाटेल, हिला टेकू लागतो."

"लागतोच."

सकाळी सात वाजता दोघं बाईंच्या खोलीत उभी राहिली. चिमणीनं सुरुवात केली. इथे ना पाणी, ना कर्णा. प्रत्येक वाक्य खडी फोडावी तसं फुटत होतं. "तो क... कर्णा प... प... प..."

मामांना पहिल्याच 'प'ला कळलं होतं की हिला "परत" म्हणायचंय. शब्द त्यांच्या जिभेच्या टोकावर येऊन बसला. त्यांनी खिशातला पाना मुठीत आवळला आणि जमिनीकडे पाहत राहिले. बाईसुद्धा थांबल्या, टेबलावरचे कागद न चाळता.

"...परत फिरवायला हवा," चिमणी म्हणाली आणि का, तेही तिनं सांगितलं.

बाईंनी चष्मा काढला. "एवढंच? मला वाटलं, जमणार नाही म्हणून सांगायला आलीस." मग मामांकडे वळून, "अठरा वर्षं तक्रार, बुधवारी दुरुस्ती आणि आज दुरुस्तीची दुरुस्ती! मी कागदावर लिहू तरी काय?"

"लिहा, कर्णा मूळ जागी आणला."

"आणि पुढेमागे हिच्या रजेच्या दिवशी अण्णांसारखं कुणी आलं तर?"

"तर मी पुन्हा वळवीन. दोन बोल्टांचं तर काम."

मामा शिडी लावून नवव्या खांबावर चढले. पलीकडे चिमणीनं खिडकीची रबरी पट्टी ओढून काढली आणि पाटी वाचायला घेतली. एरवी मामा कर्णा नजरेनं नेम धरून बसवत. आज त्यांनी नेम धरला नाही. बोल्ट सैल ठेवून ते कर्णा बोटाबोटानं वळवत गेले आणि कान लावून ऐकत राहिले. "प... पाण्यात उतरण्यापूर्वी..." आणखी थोडा. "पाय धुवावेत. प... पळू नये." आणखी जरासा. "पोहता न येणाऱ्यांनी पुढे जाऊ नये. पुरुषांनी पलीकडच्या पायऱ्यांनी..." आवाज असा सुटला, जसा नळातली हवा निघून गेल्यावर पाणी सुटावं. खिडकीतून हात वर झाला. मामांनी बोल्ट आवळले आणि सवयीनं तोंड बोटभर खाली झुकलंय ना, तेही पाहून घेतलं.

दहा वाजता शर्यती सुरू झाल्या. चारशेच्या वर माणसं आली होती. पहिली शर्यत, दुसरी, तिसरी. चिमणी मुलांची नावं सांगत होती, मार्गिका सांगत होती, पोरांनी पायऱ्यांवर पळू नये म्हणून दटावत होती. शिक्षकांनी लांबूनच मामांना अंगठा दाखवला. मामा नवव्या खांबाखाली उभे होते. दुसरीकडे कुठे उभं राहणं त्यांना शक्यच नव्हतं.

चौथ्या शर्यतीनंतर वारा उठला, पायऱ्यांकडून पाण्यावर. मामांना ते पाण्यावरच्या लहरींत दिसलं. अशा वाऱ्यात पलीकडचा आवाज खिडकीपर्यंत पोहोचत नाही. तो उलटा रेटला जातो.

"आता प... प..."

आठ मुलं उडीच्या पवित्र्यात वाकली होती. शिट्टीवाला शिट्टी ओठांत धरून होता. मामांचा हात शिडीवर गेला. वर जाऊन करणार काय? वाऱ्याला बोल्ट नसतात. तरी हात तिथेच राहिला.

"आजी, बंद पडला का?" पायऱ्यांवरून एक बारीक आवाज आला.

"नाही रे. श्वास घेतायत त्या. तूही घे."

कुणीतरी हसलं, पण ते हसू लगेच विरून गेलं. पाण्यावर वारा सळसळत होता. मामांना वाटलं, आपण इथूनच ओरडून तो शब्द सांगावा. चारशे माणसांपुढेसुद्धा ते ओरडले असते. त्यांनी दात दातांवर दाबले आणि बाकीच्या चारशे जणांसारखे तेही थांबले.

"प... पाचवी शर्यत," चौदाही कर्णे एकदम म्हणाले. "थांबलात, आभारी आहे. वाकलेल्यांच्या कमरा मोडायच्या आत उडी मारू द्या त्यांना."

पायऱ्यांवर हशा पिकला. शिट्टी वाजली आणि आठ मुलं पाण्यात पडली.

सहाव्या शर्यतीत ती आणखी दोनदा अडली आणि दोन्ही वेळा लोक थांबले. मग वारा पडला. बक्षिसं वाटण्याआधी बाई जिना चढून निवेदकाच्या खोलीत गेल्या आणि पाच मिनिटांनी उतरल्या. जाताजाता मामांना म्हणाल्या, "मंगळवारपासून नऊला यायला सांगितलंय. वेळेवर पाठवा हो, तुमच्यासारखं नको."

मामा दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेले. चिमणी घटाघटा पाणी पीत होती. त्यांनी खिशातून कागद काढला. त्यावर त्यांनी खांबाखाली उभ्या उभ्या काहीतरी आखलं होतं.

"हे बघ, एक एवढीशी डबी करतो. कानात लावायची. तोच सहावा भाग त्यातून देता येईल, वारा असो वा नसो. म्हणजे तुला..." आणि ते मध्येच थांबले. "तुला काय वाटतं?"

चिमणीनं कागद हातात घेऊन नीट पाहिला.

"क... करा," ती म्हणाली. "पण घाई नको, बाबा. वारा काही रोज नसतो. आणि आज बघितलंत ना, लोक थांबतात."

खालून बाईंनी हात केला. चिमणीनं खिडकी पूर्ण उघडली आणि माईक जवळ ओढला. मामा बाजूच्या स्टुलावर बसले.