आधी चहा, मग जबानी

सोमवार, १४ नोव्हेंबर २००५, सकाळी सव्वादहा. लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळ, परदेशी माणसांना कोंडून ठेवण्याच्या केंद्राला लागून असलेल्या न्यायालयात, जोसेफच्या अपिलाची सुनावणी सुरू झाली. वकील प्रभुणे उभे राहिले. मी मागच्या बाकावर होतो.

प्रभुणे लंडनच्या स्टॅनमोर भागात राहत आणि आश्रय मागणाऱ्यांचे खटले चालवत. माझे बालपण नैरोबीत गेले, त्यामुळे मला स्वाहिली येते. निवृत्तीनंतर मी त्यांच्या अशिलांसाठी दुभाष्याचे काम करी. नवा अशील आला की पहिला तासभर ते पेनाला हात लावीत नसत. घरून आणलेला आल्याचा चहा थर्मासमधून तीन कपांत ओतीत आणि शेती, फुटबॉल असे काहीबाही विचारीत. मी मात्र भाषांतराला लागेल तेवढेच बोले. प्रभुणे म्हणत, "कुलकर्णी, दुभाषे आहात, पुतळा नव्हे. हसा जरा, तुम्हाला बघून घाबरतोय तो!" मग मला बजावीत, "आधी चहा, मग जबानी. लाजेची गोष्ट सांगायला माणसाला वेळ लागतो हो."

जोसेफ पूर्व काँगोचा, स्वाहिली बोलणारा. त्याचा अर्ज जलदगती पद्धतीत टाकला होता. म्हणजे माणसाला कोठडीत ठेवायचे आणि मुलाखत, निर्णय, अपील सारे थोड्याच दिवसांत उरकायचे. पहिल्या भेटीला पहारेकऱ्याने थर्मास दारातच अडवला. "सॉरी सर, फ्लास्क नॉट अलाउड." वेळ जेमतेम होता. प्रभुण्यांनी बसताक्षणी पेन उघडले. जोसेफने एवढेच सांगितले, की सैनिकांनी पकडले आणि मारले. सरकारी मुलाखतीतही तो त्यापुढे गेला नाही.

सुनावणीच्या सकाळी, आत जाण्यापूर्वी, त्याने खाली मान घालून उरलेले सांगितले. सैनिकांनी त्याच्यावर बलात्कार केला होता. मी ते मराठीत सांगितले. प्रभुण्यांनी फक्त त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

न्यायालयात त्यांनी वैद्यकीय तपासणीसाठी मुदत मागितली. न्यायाधीशांनी जोसेफला विचारले, "हे मुलाखतीत का सांगितले नाही?"

"समोर एक बाई बसल्या होत्या, साहेब. माझ्या आईच्या वयाच्या."

मुदत नाकारली गेली. निकाल मागाहून आला: इतक्या उशिरा केलेले कथन विश्वासार्ह वाटत नाही. अपील फेटाळले. जोसेफला विमानात बसवून परत पाठवले. पुढे त्याचे काय झाले, ते आम्हाला कधीच कळले नाही.

ती घाईची पद्धत अन्याय्य असल्याचे वरच्या न्यायालयांनी मान्य केले, पण तोवर प्रभुण्यांना जाऊन बरीच वर्षे झाली होती.

सुनावणीच्या त्या दिवशी पहारेकऱ्यांनी जोसेफला आत नेले आणि आम्ही गाडीपाशी आलो.

"तो खोटं बोलला नाही, कुलकर्णी. उशिरा बोलला."

"तुम्हाला वेळच दिला नव्हता त्यांनी."

"ते मला नका सांगू. त्याला सांगा. तुम्हाला येते ना त्याची भाषा?"

प्रभुण्यांनी गाडीतून थर्मास काढला आणि सवयीने तीन कप भरले. दोन आम्ही उभ्याने प्यालो. तिसरा त्यांनी कडेच्या गवतावर ओतला, रुमालाने आतून कोरडा पुसला आणि इतर दोन कपांत बसवून ठेवला.