बायका तंबूत होत्या

पीएच.डी. कशी झाली असं कुणी विचारलं की मी ‘झाली एकदाची’ म्हणते आणि विषय बदलते. खरं सांगायला लागले की माझा आवाज चढतो, आणि मग समोरचा माणूस माझी समजूत घालायला लागतो. मला समजूत नको असते. मला राग आलेला आहे, तो मला नीट येऊ द्या, एवढंच म्हणणं आहे. तर आज सांगतेच.

आमचं घर नाशिकजवळ, मखमलाबादच्या बाजूला. शेत थोडंसं, पण फुलांचं. शेवंती, झेंडू, गुलाब. पहाटे तोडणी, उजाडायच्या आत फुलबाजार. त्या घरातून मी सायकलवर कॉलेजात गेले, एम.ए. केलं आणि नव्वदचं दशक संपता संपता शहरातल्याच एका कॉलेजात पत्रकारिता आणि चित्रपट शिकवायला लागले. तेही तासांवर. कायम व्हायचं तर पीएच.डी. हवी. विषय मी घेतला जत्रेतल्या तंबूत दाखवल्या जाणाऱ्या सिनेमांचा. नात्यातले लोक हसले. सिनेमे बघून डॉक्टर होतात होय, असं मावशी म्हणाली. तिचं मला काही वाटलं नाही. तिला नाही कळलं तरी चालतं. ज्यांना कळायला हवं होतं त्यांनी काय केलं ते ऐका.

सिनेमाच्या अभ्यासाला गाइड मिळणं तेव्हा आमच्याकडे फार अवघड होतं. एकच सर होते. वणीजवळच्या खेड्यातून शिकून वर आलेले, कॉलेज रोडला बंगला, भाषणांना मागणी. सर वणीकडचे म्हणजे त्यांना चैत्रातली जत्रा माहीत असणार, तंबू माहीत असणार, असं मला वाटलं. मी अक्षरशः हवेत होते. वडील तर माझ्याही वर. गुरूकडे रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून पहिल्या भेटीला ते शेवंतीची भरलेली पाटी घेऊन माझ्यासोबत आले.

झालं! सरांना ती सवयच लागली. दर गुरुवारी पूजेला फुलं. गणपतीत हार. घरी कुणी पाहुणा येणार असला की गुलाब. आणि दसरा! दसऱ्याच्या आदल्या दिवशी फुलवाल्याच्या घरात कुणाला जेवायलाही फुरसत नसते. नेमका त्या दिवशी सरांचा फोन यायचा की बंगल्याला तोरणं, दोन्ही गाड्यांना हार आणि शेजारच्यांनाही थोडा झेंडू. वडील सगळी तोडणी बाजूला ठेवून त्यांचे क्रेट आधी भरायचे. निवडून टपोरी फुलं. मी चिडले की म्हणायचे, विद्या देणाऱ्या माणसाला नाही म्हणू नये.

कसली विद्या? मी प्रकरण लिहून नेऊन द्यायचे. दोन-तीन महिन्यांनी ते परत मिळायचं. पहिल्या पानावर चहाच्या कपाचा गोल डाग, आणि पुढची पानं झेरॉक्सवाल्याकडून आली तशीच एकमेकांना चिकटलेली. ती मी घरी येऊन नखानं सोडवायचे. शेरा एकच असायचा, थिअरी कमी आहे. कुठली थिअरी, ते कधी सांगितलं नाही. परदेशी नावं घाल, वजन येतं, एवढाच सल्ला. अहो, वाचलंच नाही तर वजन कशाचं मोजता?

पण काम मात्र मला आवडत होतं, हे इथंच सांगायला हवं. टेपरेकॉर्डर पिशवीत टाकून मी वणीला जायचे, येवल्याला जायचे, सुरगाण्याच्या जीपमध्ये बारा माणसांत तेरावी म्हणून बसायचे. तंबूचे मालक, मशीन चालवणारे, तिकीट फाडणारे, सगळ्यांशी बोलले. सगळे पुरुष. एकदा वणीत असाच एक म्हातारा मशीनबद्दल सांगत होता आणि त्याची बायको मागे लसूण सोलत बसली होती. मी सहज विचारलं, आजी, तुम्ही बघितलाय का तंबूत सिनेमा? ती म्हणाली, “बघितलाय की. पन आमी मागून बघायचो.”

मागून म्हणजे? तर तंबूत मधोमध पांढऱ्या कापडाचा पडदा. मशीनच्या बाजूला पुरुष आणि पडद्याच्या पलीकडे बायका. कापडातून चित्र आरपार दिसायचं, फक्त उलटं. डावं ते उजवं, उजवं ते डावं. वर्षानुवर्षं आमच्या भागातल्या बायकांनी सगळा सिनेमा असा पाहिला, आणि हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. त्यानंतर मी पुरुषांकडे जाणंच कमी केलं.

काय काय सांगितलं त्या बायकांनी! सिनेमातली माणसं डाव्या हातानं जेवतात म्हणून त्यांची किळस येणारी एक. येवल्यात विणकराच्या घरातली एक आजी म्हणाली, सिनेमातला बाप डाव्या हातानं लेकीला आशीर्वाद द्यायचा आणि पुढं त्या पोरीचं वाट्टोळंच व्हायचं, मी आधीच रडायला घ्यायची. आणि वणीची ती लसूण सोलणारी आजी. पडद्यावरच्या सगळ्या बाया पदर उजव्या खांद्यावर घेतात, म्हणजे शहरात तशीच पद्धत असणार, असं तिनं मनाशी धरलं होतं. तिचं सासर तेव्हा नाशकात होतं, लग्न होऊन तिथं आली तेव्हा पहिल्याच दिवशी शहरवाल्यांना बरं दिसावं म्हणून तिनं पदर तसा घेतला. सासू दारातच ओरडली, ही गुजरातीण कुठून उचलून आणली. ते सांगताना आजी इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि ती कॅसेट मी नंतर कितीदा ऐकली त्याला गणती नाही.

ते प्रकरण मी जीव ओतून लिहिलं. आणि नेमकं तेच सरांनी वाचलं. पहिल्यांदा काहीतरी वाचलं! मला बोलावून घेतलं, समोर बसवलं, आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत लाल पेनानं मारलेली तिरपी रेघ दाखवली.

“हे सगळं काढ,” ते म्हणाले. “बायका तंबूत नव्हत्याच. मी लहानपणी दर वर्षी जायचो, पुढे बसायचो. एक बाई पाहिल्याचं मला आठवत नाही.”

मी म्हटलं, सर, त्या पडद्याच्या मागे होत्या, म्हणूनच तुम्हाला दिसल्या नाहीत. त्यावर ते असं हसले की जणू मी लहान पोर आहे. लेखी पुरावा आण म्हणाले. मी कॅसेटींचं सांगितलं, तर म्हणे बायकांच्या गप्पांना संशोधन म्हणत नाहीत. सरांच्या समोर एक कापड होतं आणि त्या कापडाच्या पलीकडे शे-दोनशे बायका श्वास घेत, पोरं पाजत, रडत बसल्या होत्या. या माणसानं त्यांच्याकडेच तोंड करून अख्खं लहानपण काढलं, आणि त्या नव्हत्याच म्हणतो. का, तर ह्याला दिसल्या नाहीत.

सरांची बायको, काकू, चहा घेऊन आल्या होत्या. त्या कधी आमच्या बोलण्यात पडत नसत. त्या दिवशी ट्रे ठेवता ठेवता म्हणाल्या, “मी असायचे की. माहेर वणीचंच माझं. आईजवळ, मागच्या बाजूला.”

“तू लहान होतीस. तुला काय आठवतंय?” सर म्हणाले. आणि माझ्याकडे वळून, अगदी शिकवण्याच्या सुरात, “बघ, म्हणून सांगतो, तोंडी माहितीवर विसंबू नये.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकू त्यांच्याहून दोनच वर्षांनी लहान! सरांना आठवतो तो इतिहास, आणि काकूंना आठवते ती तोंडी माहिती. काकू ट्रे ठेवून आत गेल्या. मी निघाले तेव्हा फाटकापर्यंत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, पुरुषांच्या बाजूला सतरंज्या असायच्या, आमच्या बाजूला नुसता फुफाटा, घरी येऊन आई आमची डोकी धुवायची, तेवढं लिही. मी ते लिहिलं. रेघ मारलेल्या प्रकरणात आणखी एक परिच्छेद वाढवला आणि ते तसंच प्रबंधात ठेवलं.

सरांनी सही करायला साफ नकार दिला. गाइडच्या सहीशिवाय प्रबंध विद्यापीठात जातच नाही. दीड वर्ष मी हेलपाटे घातले. कधी सर झोपलेत, कधी परगावी आहेत, कधी नुसतंच, काढलंस का ते? त्या काळात माझ्यानंतर लागलेला एक मुलगा कायम झाला आणि मी तासांवरच राहिले. कॉलेजातले सगळे शहाणे मला सांगायचे की कशाला नडतेस, आता काढून टाक, पुढे पुस्तक करशील तेव्हा घाल. जणू मी घरातला एखादा मोडका पाट हट्टानं मध्ये ठेवलाय. त्या बायकांना एकदा पडद्यामागे बसवलं, आता मी पुन्हा परिशिष्टातही न बसवता घरी पाठवू? नाही म्हणजे नाही. वडिलांशी माझं यावरून कडाक्याचं भांडण झालं. ते म्हणत, सर म्हणतात तर काहीतरी असेल. गुरुवारची फुलं त्यांनी एकदाही चुकवली नाहीत. एकदा तर मी पाटी हिसकावून घेतली, आणि मग आई मध्ये पडली.

आणि एक दिवस सरांचाच फोन आला की प्रबंध घेऊन ये. कुठल्याशा समितीवर त्यांची वर्णी लागायची होती आणि त्यासाठी हाताखालचे पीएच.डी. झालेले विद्यार्थी एकानं कमी पडत होते. मी गेले तेव्हा ते घाईत होते. गाडी काढून उभे होते. प्रबंध गाडीच्या बॉनेटवर ठेवून त्यांनी सही केली, आतलं एक पान उलटलं नाही, आणि निघून गेले. तो क्षण आनंदाचा असायला हवा होता. मी तिथं रस्त्यावर उभी राहून दात-ओठ खात होते.

तोंडी परीक्षा आमच्याच कॉलेजच्या हॉलमध्ये झाली. बाहेरच्या विद्यापीठातून परीक्षक आले होते. आई, वडील, मावशी, चुलते, सगळे आले, मागच्या रांगेत अवघडून बसले. पुढे प्राध्यापक मंडळी आणि काकू. परीक्षकांनी दोन तास प्रश्न विचारले, त्यातला बहुतेक वेळ त्या एका प्रकरणावर. शेवटी म्हणाले, बाकीचं काम चांगलं आहे, पण हे प्रकरण आजवर कुणी लिहिलेलं नाही. पदवीची शिफारस त्यांनी तिथंच जाहीर केली. मला वाटलं, सुटले. बायका आत आल्या.

मग सर उठले. गाइडनं दोन शब्द बोलायची पद्धत असते. त्यांनी शाल सावरली आणि म्हणाले, “मी हिला पहिल्या दिवसापासून सांगत होतो, बायकांकडे जा. मी लहानपणी स्वतः पाहिलंय. पडद्यामागे बायका गच्च बसलेल्या असायच्या.”

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. आईनं वाजवल्या, वडिलांनी वाजवल्या, परीक्षकांनी कौतुकानं मान डोलावली. काकू तेवढ्या मांडीवरचे हात न हलवता बसल्या होत्या. खोटं बोलताना माणसाची जीभ जरा तरी अडखळावी की नाही? नाही. त्यांना आता बहुधा खरंच तसं आठवत होतं.

टाळ्या थांबल्या आणि लोक बाजूला झाले. फोटोवाला पुढे आला. आता मी सरांच्या पाया पडायचं होतं. सगळ्यांना माहीत असतं, कुणी सांगावं लागत नाही. सर हसून थांबले, एक पाय किंचित पुढे. मी हलले नाही. मला वाकताच येईना. फोटोवाला म्हणाला, मॅडम, या ना पुढे. मी तरी हलले नाही. कुणीतरी खोकलं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून वडील आले. धुतलेली टोपी, इस्त्रीचा नेहरू शर्ट. सरांपेक्षा आठ-दहा वर्षांनी तरी मोठे. ते माझ्या आणि सरांच्या मध्ये आले, गुडघ्यावर हात टेकत खाली वाकले आणि दोन्ही हातांनी त्यांनी सरांच्या पायांना हात लावला. सरांनी त्यांना अडवलं नाही. मागेसुद्धा सरकले नाहीत. आशीर्वाद दिला.

घरी जाताना रिक्षात वडील खुशीत होते. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “गडबडीत तुझं राहून गेलं, म्हनून मीच पडलो पाया.” माझं राहून गेलं नव्हतं, हे मी त्यांना कधीच सांगू शकले नाही.