एकटीला येणारं काम

अंबिका मॅडम फोन उचलल्यावर 'हॅलो' म्हणत नसत. "स्क्रीनवर काय आलंय ते वाचा. जसंच्या तसं वाचा, अर्थ मी लावते," हे त्यांचं पहिलं वाक्य. पलीकडे कधी मंगळवेढ्याच्या लॅबमधला माणूस असे, कधी अक्कलकोटचा. "मॅडम, प्रिंटच निघंना की," अशी सुरुवात करून तो इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचू लागे. मॅडम डोळे मिटून ऐकत आणि कीबोर्डला हात न लावता सांगत, की पेशंटच्या नावात कुणीतरी चुकून स्वल्पविराम टाकलाय, तो काढा. बहुतेक वेळा तेवढ्यानं काम होई.

सोलापुरात सात रस्त्याजवळ एका कापड दुकानाच्या वर आमचं सहा माणसांचं ऑफिस होतं. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबना रिपोर्ट छापायला लागणारं सॉफ्टवेअर आम्ही पुरवत असू. सांगोल्याहून इंजिनिअर होऊन आलेल्या माझी ती पहिली नोकरी. हे सॉफ्टवेअर ज्या भाषेत लिहिलं होतं, ती आता कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. ते मुळात लिहिणारे गृहस्थ फार वर्षांपूर्वी परदेशी गेले होते. तेव्हापासून त्याच्या पोटात काय आहे, हे फक्त मॅडमना ठाऊक होतं.

मॅडम भवानी पेठेतल्या. वडील मागावर चादरी विणायचे. घरात तेलुगू, बाहेर मराठी. कोड वाचताना त्या कागदावर लाकडी पट्टी ठेवून ओळी मोजत, 'ओकटी, रेंडु, मूडु'. प्रोग्रॅममध्ये मध्येच एके ठिकाणी त्यांनी तेलुगूत एक टीप लिहून ठेवली होती. अर्थ विचारला तर म्हणाल्या, "याला हात लावू नकोस, असं लिहिलंय. एकदा लावला होता मी. तीन दिवस घरी गेले नव्हते."

कोणताही बदल करण्याआधी त्या एका रजिस्टरमध्ये हातानं नोंद करत. बदलांची नोंद आपोआप ठेवणारं साधन मी त्यांना मोठ्या उत्साहानं दाखवलं. दोन दिवसांत त्या ते माझ्याहून चांगलं वापरू लागल्या, पण रजिस्टर काही सुटलं नाही. "काय बदललं ते मशीनला आठवतं गं. का बदललं ते त्याला कुठं ठाऊक असतं?"

सुट्टी हा शब्द त्यांच्या बाबतीत नावापुरताच होता. चुलतभावाच्या लग्नात अक्षता पडत असताना त्या मंगल कार्यालयाच्या कोठीघरात फोन घेऊन बसल्या होत्या. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, त्या हॉस्पिटलच्या लॅबमध्येही आमचंच सॉफ्टवेअर होतं. दुसऱ्याच दिवशी ते अडलं आणि लॅबवाला ओशाळ्या चेहऱ्यानं वॉर्डात आला. मॅडम सलाईनचा स्टँड ढकलत खाली गेल्या आणि ते सुरू करून आल्या. मला सांगताना हसल्या. "आजारी पडायला दुसरं हॉस्पिटल बघायला पाहिजे होतं."

मी आले त्या वर्षी हैदराबादला त्यांच्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, डायलिसिस सुरू झालं. अक्का एकटी होती. तिचं म्हणणं एवढंच, की तीन महिने माझ्याजवळ येऊन राहा. मॅडमनी सरांकडे, म्हणजे ऑफिसच्या मालकांकडे, रजा मागितली. आमचे सर वाईट नव्हते, पण चाळीसेक लॅब त्यांच्याही गळ्यात होत्या. ते म्हणाले, तुमच्या जागी एक माणूस तयार करा आणि खुशाल जा. मॅडमनी मला निवडलं.

सहा महिने त्या मला रोज जेवणानंतर शिकवत. कधी चिडल्या नाहीत. शेवटी शेवटी त्या नुसत्या शेजारी बसून राहत आणि मी करत असे. एकदा त्या बँकेत गेल्या असताना एका लॅबमधून फोन आला. वीस दिवसांच्या बाळाच्या रिपोर्टवर मोठ्या माणसाची प्रमाणं छापली जात होती. वयाचे दिवस कुठेतरी वर्षं म्हणून वाचले जात होते. ती जागा मी एकटीनं शोधली, दुरुस्त केली आणि रजिस्टरमध्ये लिहिली. मॅडमनी परत येऊन नोंद वाचली आणि खाली सही केली. दुपारी त्यांनी अक्काला फोन लावला. मला तेलुगू येत नाही, पण तारीख सांगताहेत एवढं कळलं.

त्याच आठवड्यात मला पुण्याच्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र आलं होतं. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

सोमवारी सरांनी आम्हा दोघींना आत बोलावलं आणि मला सरळ विचारलं, "हे तुला एकटीला झेपेल का?"

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मला त्यांचं कोठीघर दिसलं, सलाईनचा स्टँड दिसला. तीन महिन्यांची तीस वर्षं कधी होतात ते कळणारही नाही, असं वाटलं. मी म्हणाले, "नाही सर. अजून नाही."

सरांनी मान हलवली. रजा पुढे ढकलली गेली.

बाहेर आल्यावर मला त्यांच्याकडे बघवेना. त्या जागेवर बसल्या, चष्मा पुसला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "खोटं बोललीस. बरं केलंस. ते लिहिणारे परदेशी गेले, तेव्हा मलाही त्याच खोलीत हेच विचारलं होतं. मी हो म्हणाले."

महिन्याभरानं मी पुण्याला गेले. निरोपाला त्यांनी मला एक सोलापुरी चादर दिली. ती घेताना मला रडू आलं, त्यांना नाही.

अक्का दीड वर्षानं गेली. मॅडम अखेर पोचल्या त्या अंत्यविधीपुरत्या, दोन दिवस. जुन्या सहकाऱ्याकडून कळल्यावर मी फोन केला. माफी मागायला शब्द जुळवत होते, तोवर त्यांनीच विचारलं की तिकडं काम कसं चाललंय. मी म्हणाले, चांगलं आहे. पगारपत्रकाचा एक जुना भाग आहे, तो आता माझ्याशिवाय कुणाला येत नाही. हे मी जरा अभिमानानंच बोलले असणार.

त्या म्हणाल्या, "आजच कुणाला तरी शिकवायला घे. उद्यावर टाकू नकोस."

माझ्या शेजारी लातूरची एक नवी मुलगी बसते. दुसऱ्या दिवशी मी तिला चहाला नेलं. शिकशील का, असं विचारण्याआधी अंबिका मॅडमची ही सगळी हकीकत तिला सांगितली. मी काय बोलले होते, तेही सांगितलं. ती खाली बघत ऐकत होती. मग तिनं विचार करायला सोमवारपर्यंत वेळ मागितला, आणि मी तिला म्हटलं, घे.