सव्वा लाख लोकांचा खेळ

ऑफिसात तिला सगळे आत्या म्हणत, कारण ती खरोखरच एकाची आत्या होती. तिचा भाचा त्या गेम कंपनीत प्रोग्रामर होता. टेलिफोन खात्याचं तक्रार केंद्र बंद झालं आणि एकोणीस वर्षांची तिची नोकरी गेली, तेव्हा त्यानंच तिला इथे आणलं. काम वाचनाचं होतं. खेळणारे जी मतं लिहितात ती दिवसभर वाचायची, कशाबद्दल काय म्हणतायत ते वेगळं करायचं आणि संध्याकाळी त्याचा गोषवारा द्यायचा.

"मला गेममधलं ओ की ठो कळत नाही," ती पहिल्या दिवशी म्हणाली होती.

"तक्रारी कळतात ना? बस झालं," भाचा म्हणाला.

तक्रारी तिला कळत. शिव्या आधी गाळायच्या, मग खाली जे उरतं ती तक्रार, हे ती हेडफोन लावून शिकली होती. तरी अर्धवट काम तिला जमत नसे. म्हणून ती कंपनीचा गाजलेला गेम, 'निळी कक्षा', स्वतः खेळायला बसली. एक म्हातारं अंतराळजहाज, त्यावरची सात माणसं आणि त्यांना घेऊन ग्रहामागून ग्रह फिरणारा आपण बनवलेला नायक. चौदा महिने लागले तिला. शेवटच्या ग्रहावर जहाजाचा वैद्य मेला तेव्हा ती दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणाशी धड बोलली नाही.

मग दुसरा भाग आला, आणि तो घाईत आला. मालक मंडळींनी मोठ्या मंचावर तारीख जाहीर करून टाकली होती, ती दगडावरची रेघ झाली. भाच्यानं सहा आठवडे जास्त मागितले. त्याच्याकडे गेमचा 'सेव्ह'चा भाग होता, म्हणजे खेळणाऱ्यानं जिथवर मजल मारली ते जपून ठेवण्याचं काम. टीमचा प्रमुख प्रत्येक मीटिंगमध्ये "आपलं जहाज" म्हणायचा म्हणून त्याला कप्तान नाव पडलं होतं. त्यानं सहा आठवडे तर दिले नाहीतच, वर सगळ्यांसमोर सुनावलं, "नाचता येईना, अंगण वाकडं."

गेम बाजारात आला आणि मतांचा नुसता पूर लोटला. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लोकांनी दिलेल्या शंभरपैकी गुणांचा आकडा असायचा. पहिल्या दिवशी तो एकाहत्तर होता, पाचव्या दिवशी अडतीस.

आत्या वाचत होती. "माझा सोबती अर्धा भिंतीत अडकलाय आणि तिथूनच मला उपदेश करतोय." "राणीला मुंडकं नाही, पण आवाज गोड आहे." "पहिल्या भागात मी एक ग्रह वाचवला. दुसऱ्यात मला दार उघडता येत नाही." "शेवट लिहायला लेखकाला वेळ मिळाला नाही, की तो पळून गेला?" आणि एकानं फक्त लिहिलं होतं, "अति घाई संकटात नेई." वाचून ती हसली, मग इकडेतिकडे बघून गप्प झाली. आजूबाजूला कुणीच हसण्याच्या अवस्थेत नव्हतं.

गेम मधेच बंद पडण्याच्या तक्रारी सगळ्यात जास्त होत्या. त्यावर उपाय म्हणून सहाव्या दिवशी, मंगळवारी, मोठा पॅच द्यायचं ठरलं. पॅच म्हणजे लोकांच्या मशिनवर आपोआप जाऊन बसणारी दुरुस्ती. सकाळी दहाला तो स्वतःहून नाव नोंदवलेल्या पाचशे जणांना चाचणीसाठी दिला. दुपारी बरोबर चारला सगळ्यांना जाणार होता, तशी घोषणाही झाली होती.

दुपारी दोनला आत्या त्या पाचशे जणांची मतं वाचत होती. बहुतेक जण खूश होते. मधेच एका नर्सचं मत आलं.

"सकाळी पॅच घेतला. जहाजावरच्या दवाखान्यात गेले. बाहेर आले तर दोन्ही भागांतले मिळून माझे एकशे चाळीस तास नाहीत. पहिल्या भागातला नायक इथे आणला होता, तोही नाही. दोन तारे देते, कारण संगीत चांगलं आहे."

आत्यानं ते दोनदा वाचलं आणि मागे जाऊन शोधू लागली. एका ट्रकचालकानं लिहिलं होतं, "सगळं गेलं. जुना गडी होता." एका शिक्षकाचं आणि एका विद्यार्थिनीचं मतही तसंच होतं. एकूण चार. चौघांनीही पहिल्या भागातला नायक दुसऱ्या भागात आणलेला होता.

ती भाच्याच्या टेबलाशी गेली. त्याचे डोळे लाल होते, शर्ट कालचाच होता.

"पाचशेत चार?" तो पडद्यावरून नजर न हलवता म्हणाला. "आत्या, जुनाच बग आहे तो. गेम बंद पडतो, शेवटची दहा मिनिटं जातात. पॅच त्यासाठीच आहे."

"जुन्या बगवर लोक आरडाओरडा करतात. हे चौघं ओरडत नाहीयेत."

"म्हणजे?"

"एकोणीस वर्षं ऐकलंय मी. ज्याची लाइन खरखरते तो घसा फाडतो. ज्याचं खरंच काही गेलंय, तो हळू बोलतो."

"आत्या, प्लीज. दोन तास राहिलेत."

ती जागेवर परतली. चाचणीवाल्यांनी आपले फोन नंबर दिलेले होते. तिनं नर्सला फोन लावला. पहिल्यांदा कुणी उचलला नाही, दुसऱ्यांदाही नाही. घड्याळात पावणेतीन झाले. तिसऱ्यांदा उचलला. आत्यानं कंपनीचं नाव सांगितलं.

"ड्युटीवर आहे मी. ऐकायला फोन केलाय की समजूत घालायला?"

"ऐकायला."

मग नर्सनं सांगितलं. रोज ड्युटीनंतर एक तास, फक्त एक. पहिल्या भागापासून एकच नायिका, तिच्या हनुवटीवर व्रण.

"एक सांगा," आत्यानं विचारलं. "पॅच आल्यावर त्या मशिनवर आणखी कुणी खेळलं?"

"माझी मुलगी. तिनं नवाच नायक बनवलाय. तीही दवाखान्यात जाऊन आली. तिचं काही गेलं नाही."

मशिन एक, पॅच एक, दवाखाना एक. फरक फक्त जुन्या नायकाचा.

"बाई, तुमचं परत मिळेल की नाही, मी आत्ता सांगू शकत नाही."

"मला माहीत होतं," नर्स म्हणाली. "निदान खोटं तरी बोलला नाहीत."

तीन वाजून पाच मिनिटं. या वेळी आत्या भाच्यासमोर उभी राहिली नाही, त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि सगळं सांगितलं. नर्सच्या मुलीपर्यंत आली तशी त्याची बोटं कीबोर्डवर थांबली.

"आपण जुन्या नायकावर पॅच तपासला?" तिनं विचारलं.

"वेळ नव्हता. सगळे नवे नायक घेतले," तो म्हणाला. "आत्या, तुझा जुना नायक आहे ना?"

होता. तिनं तो दुसऱ्या भागात आणूनही ठेवला होता. भाच्यानं त्याची एक प्रत काढून बाजूला ठेवली, मूळ नायकावर पॅच चढवला आणि गेम सुरू केला. जहाजाची अरुंद वाट. दवाखान्याचं दार. तिथे पोचलं की गेम आपोआप सेव्ह व्हायचा. कोपऱ्यात छोटं चाक फिरलं, थांबलं. तो दवाखान्यातून बाहेर आला, गेम बंद करून पुन्हा उघडला.

पडद्यावर एकच ओळ होती : नवा खेळ सुरू करा.

"जुन्या नायकाची नोंद मोठी आहे," तो स्वतःशीच पुटपुटला. "नव्या जागेत मावत नाही. मग पॅच सगळंच पुसतो. मागच्या प्रतीसुद्धा."

"असे जुने नायक किती जणांकडे आहेत?"

त्यानं आकडा काढला. सव्वा लाख.

तीन एकतीस.

कप्तानच्या खोलीकडे जाताना भाच्यानं तिचा हात धरला. "तू सांग. पण माझं नाव घेऊ नकोस. सहा आठवडे मागितले तेव्हापासून ते माझ्यावर टपून बसलेत. सापडला बग, एवढंच सांग."

"नाही घेत," ती म्हणाली. तेव्हा तिला ते खरंच वाटत होतं.

कप्तान मालकांशी फोनवर होता. काचेतून त्यानं दोन बोटं दाखवली. दोन मिनिटांची अकरा झाली. आत्या दारातून हलली नाही. शेवटी फोन ठेवून त्यानं तिचं ऐकलं, पण उभ्याउभ्याच.

"आत्याबाई, तुम्ही मतं वाचता. कोड वाचत नाही."

"मशिनवर दिसलंय, साहेब. आत्ता."

"तुमच्या एका मशिनवर. मला लेखी दिलंय की सेव्हचा भाग तपासलेला आहे. आता थांबलो तर उद्या लोक आपल्याला उभं जाळतील. एका फोनवरच्या गप्पांसाठी?"

भाचा तिच्या मागे उभा होता. त्याच्या श्वासाचा आवाज तिला ऐकू येत होता. तो आता बोलेल, आता बोलेल, म्हणून ती थांबली. भिंतीवरच्या घड्याळात तीन अठ्ठेचाळीस झाले. तीन एकोणपन्नास. तो बोलला नाही.

कप्तान पुन्हा फोन उचलत होता.

"ज्यानं लेखी दिलं, तोच म्हणतोय की चुकलंय," आत्या म्हणाली. "माझा भाचा. हा मागे उभा आहे."

कप्तानचा हात फोनवरच थांबला. तिनं मागे वळून पाहिलं नाही. तेवढं धैर्य तिच्यात नव्हतं.

"खरं आहे?" कप्ताननं विचारलं.

"हो," भाचा म्हणाला. "भाग माझाच आहे. जुन्या नायकांवर तपासला नव्हता. पॅच थांबवा."

कप्ताननं दोघांकडे पाहिलं. मग त्यानं पॅच पाठवणाऱ्या खोलीला फोन केला आणि तीन शब्द बोलला. घड्याळात चारला सहा मिनिटं कमी होती.

जीव भांड्यात पडला, असं कुणालाच वाटलं नाही. "तांत्रिक कारणामुळे पॅच पुढे ढकलला आहे" एवढंच कंपनीनं जाहीर केलं आणि लोक खवळले. "खोटारडे." "आधी अर्धा गेम विकला, आता दुरुस्तीही अर्धी." पडद्यावरचा आकडा एकतीसवर आला. ती सगळी मतं आत्यालाच वाचायची होती. ज्यांचे जुने नायक बचावले होते तेच तिला शिव्या घालत होते, आणि काय बचावलं ते सांगायची तिला परवानगी नव्हती. दोन दिवसांनी त्या पाचशे जणांनीच आपसात बोलून सगळं शोधून काढलं. तेव्हा कुठे कप्ताननं खरं काय ते लिहिलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आता अर्थ नव्हता.

पॅच अकरा दिवसांनी गेला आणि नीट गेला. नर्सचे एकशे चाळीस तास मात्र परत आले नाहीत. आत्यानं तिला फोन करून तसं सांगितलं. नर्सनं तारे बदलले नाहीत. मताखाली एक ओळ वाढवली, "फोन करणाऱ्या बाईंशी बोलून बरं वाटलं, गेम खेळून नाही."

भाच्याकडून सेव्हचं काम काढून घेतलं. त्याला मेनूमधली अक्षरं नीट करायला बसवलं. तो आत्याशी बोलायचा थांबला. पाण्याच्या यंत्रापाशी गाठ पडली तर बाटली अर्धीच भरून निघून जायचा. त्याच्या आईचा, म्हणजे आत्याच्या वहिनीचा, फोन आला.

"वन्सं, तुम्ही त्याला शब्द दिला होता का, एवढंच सांगा."

"दिला होता."

"आणि मोडलात."

"मोडला."

वहिनीला वाटलं होतं ती काही कारण देईल. आत्याकडे कारण होतं, सव्वा लाखांचं होतं, पण वहिनीला ते सांगून तिला सुटायचं नव्हतं. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ हात धूत राहिली.

तीन महिने असेच गेले. मग एका रविवारी सकाळी वहिनी आणि भाचा तिच्या घरी आले, न सांगता. वहिनी स्वयंपाकघरात जाऊन चहा करू लागली. भाचा खिडकीपाशी बसून आधी हवेबद्दल बोलला, मग शेजारच्यांच्या नव्या गाडीबद्दल. दुसऱ्या कंपनीत नोकरी मिळाल्याचं त्यानं तिसऱ्या नंबरवर सांगितलं. तिथेही सेव्हचंच काम होतं.

"मुलाखतीत विचारलं, सगळ्यात मोठी चूक कुठली," तो म्हणाला. "सांगितली. सगळी."

"तरी घेतलं?"

"म्हणूनच घेतलं, असं ते म्हणाले. खरं-खोटं देव जाणे." तो तिच्याकडे वळला. "मी बोलणार होतो, आत्या, त्या दिवशी. आणखी एक मिनिट दिलं असतंस तर बोललो असतो."

"असेल," ती म्हणाली.

"तुला नाही वाटत?"

"मला माहीत नाही रे. मिनिटं उरली नव्हती."

"पुन्हा तसं झालं तर?"

"घेईन नाव."

त्यानं मान हलवली. ती होकाराची की नुसतीच, हे तिला कळलं नाही. आतून वहिनीनं साखर कुठे ठेवली म्हणून विचारलं आणि तो उठून डबा काढून द्यायला गेला.