तोफेचा पाठिंबा

समोर तिला सगळे मावशी म्हणत आणि पाठ वळली की तोफ. तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. प्रसूतिगृहात जन्मभर आयाचं काम केलेली बाई. कळा देणाऱ्या बायकांपेक्षा हिचाच आवाज मोठा, असं डॉक्टरीणबाई म्हणायच्या. "ओरड की गं भवाने, लाजतेस कुणाला!" असं दटावत दटावत तिने अर्धी वस्ती जगात आणली होती. त्यामुळे चांगल्या दांडगट मिशीवाल्यालाही ती भर रस्त्यात सुनावायची, "गप रे! तू पायाळू. तुझं तोंड मी सगळ्यात शेवटी पाहिलंय."

ते प्रसूतिगृह बंद पडलं. पडलं कसलं, पाडलं. पालिकेच्या स्थायी समितीचा प्रमुख होता, त्याने 'परवडत नाही' म्हणून दाराला कुलूप ठोकलं. त्याआधी वाचनालयाला ठोकलं होतं, नंतर पाळणाघराला. वस्तीने त्याचं नावच ठेवलं कुलूपवाला.

त्याच वर्षी मावशीच्या लेकीला कळा सुरू झाल्या. मोठं हॉस्पिटल नदीपलीकडे, पुलावर गाड्या अडकलेल्या. टॅक्सीच्या मागच्या सीटवर मावशीने नातीला आपल्या हातांनी बाहेर काढलं. पाय धरून तिला उलटं केलं, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडाला तोंड लावून फुंकर घातली. पोर रडली नाही. लागणारी नळी, लागणारा ऑक्सिजन, सगळं वस्तीतच होतं, कुलपाच्या आत. लेक आता परगावी असते. फोन करते, पण आईच्या घरी पाऊल टाकत नाही. तेव्हापासून मावशी कुलूपवाल्याला पाण्यात पाहते. "मी मरायच्या आत तो मातीत गेलेला बघायचाय," हे ती चहा पिता पिता सांगायची, आणि वर विचारायची, "साखर बरोबर आहे ना?"

अशात तिच्या बहिणीचा मुलगा नगरसेवकाच्या निवडणुकीला उभा राहिला. हा गोडबोल्या. जिभेवर मध, बाकी सगळा ठणठणाट. त्याला एकट्याला कुत्रं विचारत नव्हतं. मग मावशी त्याला पाठीशी घेऊन दारोदार फिरली. "हा माझा भाचा. प्रसूतिगृह उघडायला भांडेल, आणि कुलूपवाल्याला कधी साथ देणार नाही. दिलीच, तर मला येऊन धरा." लोकांनी मतं भाच्याला दिली, पण भरवसा मावशीवर ठेवला. गोडबोल्या निवडून आला.

पुढे नगराध्यक्षपदाची निवडणूक लागली. कुलूपवाला उभा राहिला, आणि आमच्या गोडबोल्याने त्याला जाहीर पाठिंबा दिला! गळ्यात हार, गालाला गाल, चौकात हा मोठा फोटो. 'संपूर्ण प्रभाग आपल्या पाठीशी.' संपूर्ण प्रभागाने तो फोटो पाहिला आणि संपूर्ण प्रभाग मावशीच्या दारात आला. शिंपीणबाई तर रडायलाच लागली. "तुझ्या शब्दावर मत दिलं गं आम्ही. त्याला आम्ही ओळखतो तरी का?"

ती तशीच उठली आणि भाच्याच्या कार्यालयात जाऊन उभी राहिली. नवं टेबल, नवी फिरती खुर्ची, भाचा त्यात मागे रेललेला.

"मावशी, शांतपणे ऐक. पाठिंबा हा माझा व्यक्तिगत निर्णय आहे. लोकांनी मला निवडलं म्हणजे माझी अक्कल निवडली. आता प्रत्येक गोष्टीला गल्लीत जाऊन विचारत बसू का? अध्यक्ष तोच होणार आहे. त्याच्या बाजूला बसलो तर वस्तीचं भलंच होईल."

"अक्कल?" मावशी म्हणाली. "तुझी अक्कल लोकांनी पाहिली असती तर तुझी अनामत जप्त झाली असती रे! आणि व्यक्तिगत आहे, तर फोटोखाली 'संपूर्ण प्रभाग' कशाला लिहिलंस? 'मी आणि माझी खुर्ची' असं लिही की."

"तू भावनेच्या भरात बोलतेयस."

"हो, भरातच बोलतेय. माझी नात मेली त्याच्यामुळे, आणि तू त्याच्या गळ्यात हार घालतोस. गरज सरो, वैद्य मरो! पण हा वैद्य मरायचा नाही, गोडबोल्या. तुला रडवल्याशिवाय तर नाहीच."

त्यानंतर तोफ गप्प झाली. रस्त्यात भाचा दिसला तरी हूं की चूं नाही. मावशी गप्प म्हणजे राग उतरला, असं त्याला वाटलं. जन्म गेला हिच्या मांडीवर, तरी मूर्खाला कळलं नाही की ही ओरडते तोवरच बरी असते.

मतदान जवळ आलं तेव्हा कुलूपवाला म्हणाला, तुझा प्रभाग दाखव मला. मावशीशिवाय गल्लीत दारं उघडणार नाहीत, हे गोडबोल्यालाही समजत होतं. आला बापडा हात चोळत. "मावशी, झालं गेलं विसर. मागच्यासारखी फक्त पुढे चाल."

"चालते की," मावशी म्हणाली. इतकी गोड म्हणाली की शेजारीण घाबरली.

सकाळी मिरवणूक निघाली. पुढे मावशी, मागे हात जोडलेला भाचा, त्याच्या मागे कुलूपवाला. पहिलं दार शिंप्याचं. मावशीने कडी वाजवली.

"शिंपीणबाई, हा माझा भाचा. मागच्या वेळी मी याच्यासाठी शब्द दिला होता. तो मी परत घेते. चूक माझी, मला माफ कर. आता याला काय बोलायचंय ते याच्या तोंडावर बोल. तो हात जोडून ऐकेल."

शिंपीणबाई बोलली. काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग पुढचं दार, मावशीची तीच वाक्यं. निवृत्त बस ड्रायव्हरने भाच्याची शाळेपासूनची कुंडली मांडली. एका म्हातारीला नीट ऐकू येत नव्हतं, तरी तिने अंदाजाने शिव्या दिल्या. भाचा मधेच सटकायला बघायचा, तशी मावशी दंड धरायची. "थांब रे राजा, अजून आठ दारं आहेत." त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. मावशीच्या अंगावर मात्र मूठभर मांस चढत होतं. किती दिवसांनी तिला इतकं बरं वाटलं!

कुलूपवाला हे सगळं बघत होता. पक्का माणूस. मत कुणाच्या शब्दावर पडतं ते त्याने दोन दारांतच ताडलं होतं. गल्लीच्या टोकाशी तो थांबला आणि भाच्याकडे न बघताच म्हणाला, "तू गाडीत जाऊन बस."

गोडबोल्याचा चेहरा मावशीने डोळे भरून पाहून घेतला.

"मावशी," कुलूपवाला म्हणाला, "मला याचा नको, तुमचा पाठिंबा हवा. समिती अजून माझ्याच हातात आहे, प्रसूतिगृहाचं कुलूप मतदानाच्या आधी उघडतो. नर्स, डॉक्टर, सगळं. बोला."

"वस्तीतलं एक मत मिळणार नाही तुला!" मावशी गरजली. "एकसुद्धा! चालता हो!"

गल्लीत कुणी टाळी वाजवली नाही. शिंप्याची सून दारात उभी होती, पोटावर हात ठेवून. दिवस भरत आलेले. ती हळूच म्हणाली, "मावशी, आम्हाला विचारलंत का?"

"यात काय विचारायचं? माझी नात—"

"माहितेय. रडलेय मी तुमच्याबरोबर. पण मला नदीपलीकडे जायचं नाही. मला टॅक्सीत बाळंत व्हायचं नाही. तुम्ही आमच्या सगळ्यांच्या वतीने नाही म्हणालात. भाच्याने तरी दुसरं काय केलं?"

मावशीच्या कानाखाली कुणी दिली असती तरी इतकं लागलं नसतं. तिने आजूबाजूला पाहिलं. शिंपीणबाई खाली बघत होती. ड्रायव्हर बघत होता आपल्या नातसुनेकडे. शेवटी मावशीने ओरडूनच विचारलं, कारण हळू विचारायला गेली असती तर आवाज फुटला असता.

"बोला मग! कुलूप उघडलं तर मत द्यायचं याला?"

एक हात वर आला. मग दुसरा. मग बायकांचे सगळे. म्हातारीने शेजारणीला विचारून घेतलं आणि आपलाही केला.

"तुम्हीच सांगा त्याला," सून म्हणाली. "तुमचाच शब्द तो घेईल."

मावशी कुलूपवाल्याच्या इतक्या जवळ गेली की तो एक पाऊल मागे सरला.

"ऐक. आधी कुलूप, आधी डॉक्टर, मग मत. कुलूप उघडलंस तर गल्ली म्हणते, हो. हा गल्लीचा निरोप, मी पोचवला. आता माझा ऐक. तुझं वाटोळं होवो. तुझं घर बसो. माझ्या नातीच्या रडण्यासाठी मी जशी कान लावून बसले होते, तसा तूही कुणासाठी तरी बस. दोन्ही नीट ऐकलंस ना? आता जा, आणि ते कुलूप उघड."