प्रतिसाद क्रमांक २१३

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. तेव्हाही नव्हता, आजही नाही. या साइटवर भुताखेतांचे जे धागे निघतात, त्यांच्यावर सगळ्यात टोचरे प्रतिसाद कुणाचे असतात ते जुन्या सदस्यांना विचारा... माझा आयडीच 'खवट' आहे, आणि तो मी स्वतः निवडलाय. त्यामुळे "आता हीसुद्धा?" म्हणून ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. मी थांबते.

झालं? मग ऐका.

पनवेलला तहसील कचेरीजवळच्या गल्लीत माझं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो. राहायला रोडपालीला, माहेर उरणजवळच्या करंजाचं. दुकानात दोन कॉम्प्युटर. एक गिऱ्हाइकांसाठी, आणि दुसऱ्यावर शटर उघडल्यापासून पाडेपर्यंत ही साइट. आमचा पनवेलकरांचा गप्पांचा धागा तुम्हाला माहीत असेलच. दिवसाला दोनशे-अडीचशे प्रतिसाद म्हणजे किरकोळ. नवख्यांसाठी सांगते, धाग्याच्या नावापुढे लाल आकडा येतो, '१७ नवीन' वगैरे. म्हणजे तुम्ही शेवटचं वाचल्यापासून सतरा प्रतिसाद आलेत. त्यावर क्लिक केलं की न वाचलेल्या पहिल्या प्रतिसादावर नेतं आणि सगळे वाचून झाले की लाल जातं.

मला ते लाल दिसलेलं खपत नाही. कुणी मिसळीचे फोटो टाको नाहीतर गुडघ्याचं ऑपरेशन सांगो, मी एकूण एक वाचते. लाल गेल्याशिवाय डबा उघडत नाही. नवरा म्हणतो, एवढ्या नेमानं देवापुढे बसली असतीस तर आतापर्यंत तो समोर येऊन उभा राहिला असता. म्हणू दे.

एवढं वाचलं की माणसं कळायला लागतात. कोण तीनच्या ऐवजी चार टिंबं देतो, कोण 'परंतू' लिहितो... म्हणून डू आयडी, म्हणजे एकाच माणसाने दुसऱ्या नावाने काढलेला खोटा आयडी, ओळखण्यात माझा हात धरणारा इथे कुणी नाही. गेल्या वर्षी एका महाभागानं नवीन आयडी काढून आपली मावशी हरवल्याचं लिहिलं होतं. अख्खा धागा हळहळला, लोकांनी सगळ्या ग्रुपांवर फिरवलं, दोघंजण तर स्टेशनवर शोधून आले. मावशीबिवशी कुणी नव्हतीच. तो आयडी मी पकडला. त्या दिवसापासून नवा आयडी दिसला की लोक मलाच विचारायचे, खवटताई, हा खरा का?

आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

आता त्या दिवसाचं. एप्रिल संपत आलेला, नऊ वाजताच दुकानाचं पत्र्याचं छप्पर तापलेलं. धाग्यावर विमानांच्या आवाजावरून जुंपली होती. त्या धुमाळीत एकशे चाळीसावा प्रतिसाद आला, 'मेघना_प' या आयडीचा. तिचे वडील खांदा कॉलनीतून सकाळी सात-सव्वासातला बाहेर पडले ते परतले नव्हते. वय शहात्तर, निळा शर्ट, आठवण राहत नाही. इन्शुलिन घेतलंय, पण नाश्ता न करताच गेलेत, साखर उतरली तर जिवावर बेतेल. कृपया पनवेलच्या ग्रुपांवर पाठवा. खाली फोन नंबर.

मी काय केलं? तिच्या नावावर क्लिक केलं. सदस्यत्व कालावधी: ४० मिनिटे.

झालं, माझा निकाल तयार. मी लिहिलं, "सदस्यत्व चाळीस मिनिटांचं. गेल्या वर्षी मावशी, यंदा बाबा. खतपाणी घालू नका." धडाधड सहमतीचे '+१' पडले. कुणी हसण्याचे चेहरे टाकले, कुणी विचारलं पुढच्या वर्षी आजोबा का. ती बिचारी एकदाच परत आली. लिहिलं, "मी खरंच सांगतेय हो." त्यावर मीच लिहिलं, "असं मावशीवालापण म्हणाला होता." मग ती गप्प झाली. मेसेज कुणीही कुठेही पाठवला नाही आणि गाडी पुन्हा विमानांवर आली.

साडेअकराला थोडी उसंत मिळाली. साचलेलं सगळं वाचून काढलं, आकडा गेला. पान परत लोड केलं तर '१ नवीन'. क्लिक केलं. प्रतिसाद क्रमांक २१३, मेघना_प. शब्द न् शब्द पाठ आहे माझा.

"बाबा करंजाच्या जेट्टीवर बसलेत. मासळीचा लिलाव होतो तिथे, खांबाला टेकून. ऊन अंगावर आलंय."

माझं डोकंच फिरलं. कारण करंजा माझं माहेर, हे या साइटवर शेंबड्या पोरालाही माहीत आहे. सुक्या बोंबलांवरून मी किती जणांशी भांडलेय! म्हटलं, हा डू आयडी आता मुद्दाम मला डिवचतोय. उत्तर दिलं नाही, पान परत लोड केलं. '१ नवीन'. क्लिक केलं, तोच प्रतिसाद. तीन वेळा केलं, चार वेळा केलं. वाचलेला प्रतिसाद परत नवीन दिसतच नाही इथे, नऊ वर्षांत मी कधी पाहिलेला नाही. बाहेर पडून परत लॉगिन केलं. '१ नवीन'. डबा समोर तसाच पडलेला.

आता नीट ऐका, कारण पुढचं मी काही दयामायेनं केलेलं नाही. माझा धाकटा भाऊ जना करंजाला बोटींना बर्फ पुरवतो. दिवसभर जेट्टीवरच असतो. त्याला मी फोन लावला, तो त्या बाईला उघडी पाडायला. म्हटलं, लिलावाच्या जागेचा एक रिकामा फोटो पाठव, तोच धाग्यावर डकवते आणि एकदाचं हिचं तोंड बंद करते. जना वैतागला, गाडी खाली होतेय, बर्फ वितळतोय. तरी गेला. फोन चालूच होता. मला गाड्यांचे आवाज येत होते, कुणीतरी वाटेतले क्रेट हलवा म्हणून ओरडत होतं. मग जनाचा आवाज आला.

"ताय, हितं एक म्हातारा बसलाय. निला शर्ट हाय. पन बोलत नाय काय. घामानं भिजलाय गो, हात कापतान त्याचं."

सकाळचा तो प्रतिसाद मी वाचला होता ना, खोटा म्हणून का होईना, अक्षर न् अक्षर वाचला होता.

"जना, आधी त्याच्या तोंडात साखर घाल," मी म्हटलं. "काय मिळेल ते. सरबत दे, गोळ्या दे. पाणी नको, साखर. मग डॉक्टर."

जनानं शेजारच्या गाडीवरून लिंबू सरबत आणलं, दुप्पट साखर घालून, आणि चमच्या-चमच्यानं पाजलं. इकडे मी एकशे चाळीसावा प्रतिसाद काढून त्यातल्या नंबरवर फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. म्हटलं, तुमचे वडील करंजाच्या जेट्टीवर आहेत, माझा भाऊ त्यांच्याजवळ आहे. ती रडायलाच लागली. तिचा शेजारी गाडी काढत होता, तहसीलवरूनच पुढे जायचं होतं, म्हणून मी शटर ओढून घेतलं आणि त्यांच्याबरोबर बसले. गाडीत मी तिला विचारलं, ते करंजाला आहेत हे तुम्हाला कसं कळलं?

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मला कुठे कळलं? तुम्हीच सांगितलंत ना आत्ता."

"साइटवर लिहिलंत ना तुम्ही, अकराच्या पुढे."

"नाही हो. मी सकाळी दोनदा लिहिलं तेवढंच. लोक इतकं घाणेरडं बोलायला लागले की मी बंदच केलं ते. आणि अकरा वाजता तर मी पोलीस चौकीत होते."

पुढे तासाभराची वाट. तिनं मला विचारलंही नाही, मी कोण, कुठली. ती सारखी जनाला फोन लावून बाबांशी बोलत होती आणि बाबा फोनवर काहीच बोलत नव्हते. जेट्टीवर पोचलो तेव्हा जनानं त्यांना बर्फाच्या गाडीच्या सावलीत बसवलं होतं, बिस्किटं दिली होती. गावातले डॉक्टर येऊन सुई टोचून साखर बघून गेले होते. अजून तासभर गेला असता तर काही खरं नव्हतं, असं म्हणाले म्हणे. म्हाताऱ्यानं लेकीला ओळखलं. म्हणाले, "लाँच कधीची आहे ग? आई वाट बघत असेल." त्यांचं गाव पलीकडे, अलिबागच्या बाजूला. लहानपणी करंजावरून रेवसची लाँच पकडून ते घरी जायचे. खिशात उरणच्या एसटीचं तिकीट निघालं. म्हणजे ते तिथे का गेले ते कळलं. त्यात अमानवीय काही नाही.

मग मेघनानं माझे हात धरले आणि माझं नाव विचारलं, कुणाचे उपकार मानायचे ते कळू दे म्हणाली. माझं खरं नाव सांगून मोकळी झाले असते, तिला काय कळणार होतं? जीभच रेटेना. म्हटलं, "सकाळी तुम्हाला खोटं पाडलं ना साइटवर... ती 'खवट' मीच."

तिनं हात सोडले. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

"एक फोन तरी करायचा होता," ती म्हणाली. "नंबर दिला होता मी."

मला भयंकर लाज वाटली आणि ती अजून गेलेली नाही. मी फोन काढला, तिला निदान तो प्रतिसाद दाखवावा म्हणून. धागा उघडला. लाल आकडा आता फक्त मधल्या वेळात आलेल्या प्रतिसादांचा होता. दोनशे तेरावर गेले, तर तिथे कुणीतरी विमानावर विनोद केलेला. दोनशे बारा मी वाचला होता तसाच, दोनशे चौदाही विमानांवरच. मेघनाचे सगळे मिळून दोनच प्रतिसाद, दोन्ही सकाळचे.

दुसऱ्या दिवशी साइटच्या ॲडमिनला लिहिलं, मग फोन केला, मग पुन्हा केला. वैतागला माणूस, पण त्यानं सगळं तपासलं. प्रतिसाद उडवला तर त्याची नोंद राहते, तशी नोंद नाही. ती बाई सकाळनंतर लॉगिनच झालेली नाही. दोनशे तेरावा प्रतिसाद पहिल्यापासून तोच, विमानाचा. बरं, मला भास झाला म्हणावं, तर भासाला जेट्टी, खांब आणि ऊन कसं कळलं? जेट्टीवरच्या कुणी लिहिलं म्हणावं, तर तिच्या आयडीवरून कसं? आणि लिहिलेलं गेलं कुठे?

जनाचं म्हणणं वेगळंच. आमची आई त्याच खांबापाशी मासळीची पाटी घेऊन बसायची, तीस वर्षं, जाईपर्यंत. जना हात जोडून म्हणतो, "आयनंच दाखवला त्याला." मी त्याला म्हटलं, गप रे. आईला सही करता येत नव्हती, ती काय प्रतिसाद टाइप करणार? तो म्हणतो, तू वाचतस म्हनून तिनं लिवलं. मी नाही मानत. मला तिची आठवण येते, रोज येते, पण म्हणून काहीही मानायचं का?

हे सगळं मी आपल्या धाग्यावर लिहिलं, माफीसकट. त्यावर काय आलं ते तुम्ही पाहिलंतच. "स्क्रीनशॉट?" "कथा छान जमलीय." "सदस्यत्व नऊ वर्षांचं आणि तुम्हीही?" एकानं तर लिहिलं की मेघना हा माझाच डू आयडी. स्क्रीनशॉट नाही माझ्याकडे. म्हाताऱ्याचा जीव जातोय का राहतोय ते बघत होते, स्क्रीनशॉट काय काढते? जना आहे, ते डॉक्टर आहेत, म्हातारबाबा आजही खांदा कॉलनीत सकाळी गेटपर्यंत फिरतात, लेकीचा हात धरून. ती परत या साइटवर आली नाही. मी दोनदा मेसेज केला, उत्तर नाही. बरोबरच आहे तिचं.

म्हणून हा वेगळा धागा काढला. काढून टाका म्हणून ॲडमिनच्या मागे लागलात तरी मी मागे घेणार नाही. मला खोटी म्हणा, डू आयडी म्हणा, वेडी म्हणा. त्या सकाळी मी जे तिला म्हटलं तेच आहे ते, मला पुरेपूर ओळखीचं आहे. खाली जे काय लिहाल ते एकूण एक वाचणार आहे, लाल आकडा जाईपर्यंत. दोनशे तेराचं उत्तर कुणाकडे असेल तर तेही लिहा. माझ्याकडे नाही, आणि आता मी ते शोधायचंही सोडलंय.

फक्त एक बदललंय. सदस्यत्व चाळीस मिनिटांचं दिसलं आणि खाली नंबर असला, की दुकानात गिऱ्हाईक खोळंबलेलं असलं तरी मी आधी फोन लावते. बहुतेक वेळा खोटंच निघतं. मग पूर्वीसारखीच शिव्या घालते.

पण फोन लावून.