जनूशेठचं मानाचं वायफाय

टोकावड्याच्या पुढे, घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला जनूशेठचं लग्नाचं लॉन आहे. कमानीखाली खुर्ची टाकून तो बसे. पाहुणा आला की नमस्काराआधी प्रश्न, "कुणाकडचे? मुलाकडचे का मुलीकडचे?" मुलाकडचा निघाला तर त्याला जवळ ओढून वायफायचा पासवर्ड कानात सांगायचा, गुरुमंत्र दिल्यासारखा. मुलीकडच्याला म्हणायचा, "बघू, पंगत उठल्यावर." डोंगराच्या आडोशामुळे तिथे मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे या मंत्राला भलताच भाव होता.

माझं शहापूरला कॅमेरे आणि इंटरनेट बसवण्याचं दुकान आहे. त्याचं वायफाय मीच बसवलं, म्हणून हा माणूस माझ्या नशिबी आला. फोन जोडला की वायफायचं मशीन त्याला एक पत्ता देतं, पंगतीत पाट द्यावा तसा. पत्ते संपले की पुढचा फोन नुसता गोल गोल फिरत बसतो. सुरुवातीला लावून दिलेले पत्ते लग्नाच्या गर्दीला पुरेनात. आदल्या दिवशी हळदीला आलेले डीजेवाले आणि आचारीही आपापले पत्ते अडवून बसलेले असत. त्यात शेठने निम्मे पत्ते मानकऱ्यांच्या फोनसाठी राखून ठेवायला लावले होते. सरपंच, दोन्ही जावई, एक माजी सभापती. ते येवोत न येवोत, त्यांचे पाट मांडलेले.

"शेठ, पत्ते वाढवून टाकू. खर्च काही नाही, मशीन बंद करून दहा मिनिटांचं काम आहे," मी दर खेपेला सांगे.

"येड्या, पंगत वाढवली का पत्रावळीला किंमत राहत नाय," तो म्हणे. "सगळ्यांनाच मिळालं तर मान तो कसला रे?"

देव अक्कल वाटत होता तेव्हा हा बहुधा फेटा बांधून घेत होता. एका दसऱ्याला त्याने मशीनला झेंडूचा हार घातला आणि हळदकुंकू असं चोपडलं की हवा जायची भोकंच बुजली. मशीन तापून बंद पडलं, तर मलाच म्हणाला, "तुझ्या हाताला यश नाय."

गेल्या उन्हाळ्यात किन्हवलीकडच्या एका मुलीचं लग्न तिथे होतं. बाप खुब्याचं हाड मोडून कल्याणच्या दवाखान्यात पडलेला. कन्यादान मामा करणार आणि बाप व्हिडिओ कॉलवर बघणार, असं ठरलं होतं. मी कॅमेरा दुरुस्त करायला गेलो होतो. मुलीची आत्या फोन घेऊन माझ्याकडे आली. पासवर्ड तिने कुठून तरी मिळवला होता, पण फोन फिरतच होता.

"बघ ना रे बाबा, दादा तिकडं वाट बघतोय."

माझ्याही फोनला पत्ता मिळाला नव्हता. मी म्हटलं, मुलाकडच्या कुणाचा तरी फोन मागा. "लगीन लागायच्या आधी व्याह्यांपुढं हात नाय पसरायचा," ती म्हणाली.

मी शेठकडे गेलो. मशीन त्याच्या केबिनमध्ये आणि किल्ली त्याच्या कमरेला. म्हटलं, "शेठ, आता तरी वाढवू द्या. बाप बघणार आहे पोरीचं लग्न."

"आत्ता? सभापती वाटेत हायत. मशीन बंद केलंस नि त्यांचा फोन नाय लागला, तर माझी काय शोभा?"

"माजी सभापती," मी म्हणालो.

"मान माजी होत नाय रे."

मंगलाष्टकं सुरू झाली. आत्या फोन मंडपाच्या या खांबाकडून त्या खांबाकडे नेत होती, जणू कुठे तरी तो लागेल. अक्षता पडल्या, बँड वाजला. त्या बाईचा चेहरा मला बघवेना.

मग माजी सभापती आले. खिशात नवा फोन. राखलेला पत्ता जुन्या फोनचा, त्यामुळे नवाही बसला फिरत. जनूशेठ धोतर सावरत माझ्याकडे धावला. "वाढव रे, वाढव! किती वाढवायचे तेवढे वाढव!" किल्ली स्वतःच्या हाताने दिली. मी पत्ते वाढवले. सभापतींचा चहा निवायच्या आत काम झालं.

आत्याचा फोनही लागला. पडद्यावर बाप दिसला, उशीला टेकून बसलेला. ताजी दाढी केलेली, डोक्यावर नवी टोपी, आणि मुठीत अक्षता. मंडपात तेव्हा खुर्च्या उचलत होते. नवरी जेवायला बसली होती.

"लागलं का गो लगीन?" त्याने विचारलं.

"लागलं रे दादा."

मग त्याने मूठ उघडली आणि अक्षता फोनवरच टाकल्या. एक-दोन दाणे कॅमेऱ्याच्या काचेवर अडकलेले आम्हाला इकडून दिसत होते.

तेवढ्यात आत्याच्या खांद्यावरून जनूशेठने मान घातली आणि त्या बापाला हसून म्हणाला, "बघा, आमचं वायफाय कसं कडक चालतंय!"

मी पिशवी उचलली आणि शहापूरची एसटी धरली. शेठचे फोन अजून येतात. मी उचलत नाही.